तिखट नव्हे, ठसका

परवा मंगळवारी एका थाई बाईनं मला तिखट द्यायला नकार दिला. मी जळगावची आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे घाव कुठे बसला ते कळेल.

हे हॉटेल बर्लिनमध्ये, मोआबिटला, आमच्या घरापासून चार मिनिटांवर. सात टेबलं, भिंतीवर थायलंडच्या राजाराणीची तसबीर, काउंटरवर पंजा हलवणारी सोनेरी मांजर. (मांजर खरं तर जपानी. पण इथं आल्यावर आपण सगळेच नुसते ‘आशियाई’ होतो, तर मांजरीनं का कुरकुर करावी?) नवरा कामासाठी म्युनिकला, बाहेर नोव्हेंबरचा पाऊस, घरात कालचं वरण. गेले.

‘त्रेचाळीस नंबर,’ मी म्हटलं. कोंबडीची हिरवी करी. मेन्यूत तिच्यापुढे तीन मिरच्या काढलेल्या. ‘आणि तुम्ही घरी खाता तेवढी तिखट.’

बाईंनी वहीतून मान वर केली. मला नखशिखांत पाहिलं. ‘नाही. एक मिरची.’

‘अहो, मी भारतातली आहे.’

‘तेच म्हणते. मागच्या आठवड्यात एक भारतीय आला होता. तीन मिरच्या म्हणाला. ताट परत पाठवलं.’

‘भारतात कुठला होता तो?’

हे मी विचारलं. जर्मनीत, भर पावसात, एका थाई बाईंना मी त्या इसमाचा जिल्हा विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही. तो पुण्याचा असावा असा माझा दाट संशय आहे, पण पुरावा नाही.

टेबलं भरलेली होती, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे ‘बसू का?’ विचारून मी एका आजोबांच्या समोर बसले. सत्तरीचे असतील. टेबलाखाली त्यांचा कुत्रा, ब्रूनो. कुत्र्याचं नाव मला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं, आजोबांचं अजून माहीत नाही. त्यांच्यासमोर तेच त्रेचाळीस नंबर होतं, आणि शेजारी न मागता आलेली छोटी वाटी. माशाच्या सॉसमध्ये कापलेल्या बारक्या लाल-हिरव्या मिरच्या.

‘तुम्हाला एक मिळाली,’ आजोबा म्हणाले. सगळं ऐकलं होतं तर. ‘मलासुद्धा पहिली दोन वर्षं एकच मिळायची. मी दर मंगळवारी येतो. चौदा वर्षं.’

म्हणजे तिखटाची इथं बढती असते. सेवाज्येष्ठतेनुसार.

माझी करी आली. तिचं वर्णन एका शब्दात करते: खीर. हिरवी, नारळाच्या दुधाची, साखर घातलेली, वर तुळशीचं पान ठेवलेली खीर. एका मिरचीचं नुसतं चित्रच करीत उतरलं असावं.

आजोबा माझ्याकडे बघत होते. ‘तुम्हाला माहितीये का,’ ते म्हणाले, ‘मिरची मुळात भारतातली नाही?’

मला माहीत आहे. मराठी शाळेत शिकले मी. पण पहिला घास तोंडात असल्यामुळे मला मान डोलवावी लागली, आणि मान डोलावणं हे जगात सगळीकडे ‘पुढे सांगा’ असंच समजलं जातं.

‘अमेरिकेतून. पोर्तुगीजांनी आणली. गोव्यात १५१० साली आले ते. मी गोव्याला होतो, १९७९ मध्ये. हणजुणे. जेवण काही फार तिखट नव्हतं.’

‘काय खायचात?’

‘ऑम्लेट.’

मी काही बोलले नाही.

‘आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, पोर्तुगीजांचा माणूस अयुथ्याला पोचला. सयामची, म्हणजे आताच्या थायलंडची, तेव्हाची राजधानी. म्हणजे बघा, मिरचीच्या बाबतीत तुम्ही आणि या बाई,’ त्यांनी काट्यानं स्वयंपाकघराकडे खूण केली, ‘दोघीही नवशिक्याच.’

यातला सगळ्यात संतापजनक भाग म्हणजे माणूस बरोबर बोलत होता. चुकीचं बोलणाऱ्याला उडवून लावता येतं. बरोबर बोलणाऱ्याचं काय करायचं? वर त्यांनी वाटीतली एक मिरची काट्यावर उचलून माझ्या नाकासमोर धरली. ‘ही प्रिक खी नू. अर्थ माहितीये? उंदराच्या लेंड्यांची मिरची. आकारावरून.’ मी जेवत होते.

खरी गोष्ट मात्र त्यांनी शेवटी सांगितली, आणि ती मला आवडली, हे कबूल करायला जिवावर येतंय. थाईत मिरीला पूर्वी ‘प्रिक’ म्हणायचे. मिरची आली आणि ते नाव बळकावून बसली. बिचाऱ्या मिरीला ‘प्रिक थाई’, म्हणजे ‘आपली देशी प्रिक’, असं आडनाव लावून ओळख द्यायची वेळ आली. आपल्याकडे निदान मिरीचं नाव मिरीकडेच राहिलं. पाहुणीला तिच्यावरून नाव मिळालं. एवढी तरी आपण लाज राखली.

एकेकाळी मला इथं तिखट मिळालेलं आहे, हे नमूद करते. विल्मर्सडॉर्फच्या प्रॉयसेनपार्कात पूर्वी थाई बायका उन्हाळ्यात गवतावर चटया टाकून स्वयंपाक मांडायच्या. आता रीतसर बाजार भरतो. तिथं एका बाईंनी खलात कच्ची पपई कुटता कुटता विचारलं, ‘मिरच्या किती?’ मी म्हटलं चार. त्यांनी चार घातल्या. पासपोर्ट नाही, पुरावा नाही. बाकावर बसून मी नाक पुसत जेवले आणि मला आमच्या मळ्यातली भरीत पार्टी आठवली, चुलीच्या धुरासकट.

परवा मात्र मला राग यायला लागला होता, नुसता तिखटाचा नव्हे. सहा वर्षं मी या शहरात ‘गेट निश्ट’ ऐकते आहे. म्हणजे, जमणार नाही. कागद अपुरा आहे, गेट निश्ट. अपॉइंटमेंट नाही, गेट निश्ट. घरमालकाला खिडकी दुरुस्त करायची नाही, गेट निश्ट. आणि या सगळ्यात एक भाबडी समजूत होती, की निदान करी-भाताच्या ठिकाणी कुणी माझ्याकडे बघून ‘ही आपल्यातली’ असं म्हणेल. पण त्या बाईंच्या हिशेबात मी बर्लिनची गोरी गिऱ्हाईक, आणि ऑम्लेट खाऊन गोवा पाहिलेला हा माणूस घरचा.

तर मी ती वाटी मागितली. ‘अर्धा चमचा,’ आजोबा म्हणाले. ‘आधी अर्धाच.’

मी तीन चमचे घातले. आणि वर एक आख्खा तुकडा, त्यांच्या डोळ्यांत बघत, तोंडात टाकला.

इथून पुढचं नीट वाचा. मला तिखट लागलं नाही. मला ठसका लागला. माशाच्या सॉसचा थेंब भलत्या नळीत गेला, बस. कुणालाही होतं. पण ठसक्यात डोळ्यांतून पाणी येतं, तोंड लाल होतं, हात हवेत हलतो, आणि बघणारा काय समजायचं ते समजून मोकळा होतो. ब्रूनो माझ्या प्रत्येक खोकल्याला एकदा भुंकत होता. सातही टेबलं वळली. आजोबांनी रुमालाचं पाकीट पुढे सरकवलं आणि अतिशय मायेनं म्हणाले, ‘लेंड्या.’

बाई नळाच्या पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. फुकट! या देशात हॉटेलात नळाचं पाणी मागितलं तर किडनी मागितल्यासारखं बघतात. मी बाटलीचे ३.२० युरो मोजून बसले होते. ग्लास ठेवून त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘तिखट नाही, तिखट नाही,’ मी खोकत सांगत होते. ठसक्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते ऐनवेळी आठवेना, आणि ‘तिखट नाही’ हे वाक्य रडत म्हटलं की त्याचा उलटाच अर्थ होतो.

मग बिल. १७.१० युरो. फक्त रोख. कागद दारावर चिकटवलेला होता म्हणे. पावसात छत्री मिटताना कोण वाचतं? पाकिटात दहाची एक नोट. जगाला इंजिनं विकणारा देश, आणि भाताचे पैसे कार्डानं घेत नाही. आजोबांनी माझे उरलेले ७.१० स्वतःच्या बिलात धरले, वर बक्षिसी ठेवली आणि म्हणाले, ‘मंगळवारी द्या. सहा वाजता.’

रात्री साडेअकराला शब्द सापडला. फेरश्लुकेन. त्यांच्याकडेही आहे तर, अगदी आपल्यासारखाच: गिळताना भलतीकडे जाणं.

सात युरो दहा सेंट सुटे काढून ठेवलेत. शब्द हातावर लिहून नेणार आहे.