टर्फचं भाडं आणि पोरांचे पाय

आज संध्याकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

भाच्याला फोंड्यात फुटबॉलला सोडायला गेले होते. पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. पोर वॉर्म-अपला, म्हणजे खेळाआधी अंग मोकळं करायला, कडेला उभं राहून गुडघे उचलत जागच्या जागी पळायला लागलं, तर कोच ओरडले, "ते राहू दे! तासाचे पैसे भरलेत, उतर आत!" अकरा वर्षांचं पोर. उतरलं. आणि माझ्या डोळ्यांपुढे दादा उभा राहिला.

दादा म्हणजे ह्याच पोराचा बाप. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मॅचला स्कूटरवरून उतरला, बूट बांधले आणि थेट मैदानात. वय एकेचाळीस. पाचव्या मिनिटाला बॉलमागे झेपावला आणि रागाने मागे वळला, लाथ कोणी मारली बघायला. मागे कोणीच नव्हतं. पोटरी टाचेला जोडणारी जाड दोरी तुटली होती, अकिलीस टेंडन. ऑपरेशन, प्लास्टर, कुबड्या. त्या चतुर्थीला माटोळी, गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट, शेजाऱ्यांनी बांधली आणि दादा खुर्चीत बसून बघत राहिला. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

"गोव्याच्या उकाड्यात वॉर्म-अप कशाला, अंग तापलेलंच असतं!" असं इथे सगळे म्हणतात, दादाही हेच म्हणायचा. अरे, बसल्या जागी येणारा घाम हवेचा आहे. त्याने पोटरी तयार होत नाही. हळूहळू पळालं, पाय झुलवले, की स्नायूंत रक्त खेळतं, सांधे मोकळे होतात. नुसता पाय धरून ताणत उभं राहणंही पुरत नाही. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मॅच बघायला जाता ना? खेळाडू कितीतरी आधी मैदानात येऊन काय करत असतात? फिफाचा '११ प्लस' म्हणून वॉर्म-अप आहे, १५ व्यायाम, जेमतेम २० मिनिटं. आणि आपल्या बायका फुगडी पहिल्याच फेरीला गरगर घालतात का? आधी संथ, मग वेग. आईला कोणी कोचिंग दिलं नव्हतं, तरी तिला कळत होतं.

वॉर्म-अप करूनही दुखापती होतात, मान्य. दादाचा पाय वाचलाच असता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण निदान ती वीस मिनिटं त्याने स्वतःला द्यायला हवी होती.

शेवट तर आणखी वाईट. शिट्टी झाली, पुढची बॅच दारात, आमची पोरं धावती थांबून कठड्याला टेकली. एकाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा पांढराफटक. त्याला आडवं केलं, पाय वर धरले, तेव्हा सावरला. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, एकदम थांबलं की ते पायातच साचतं. पाच मिनिटं चालवायचं होतं, बस. ह्या कूल-डाऊनने, म्हणजे खेळ संपल्यावर हळूहळू थांबण्याने, दुसऱ्या दिवशीची अंगदुखी फारशी जात नाही म्हणतात, नसेल जात. चक्कर तर टळते.

कोचवर फार चिडले होते. आता लिहिता लिहिता वाटतं, भाडं त्यांनाही तासावरच भरावं लागतं. दादा लहानपणी मळ्यात खेळायला जायचा, भात कापून झालं की. घरापासून चालत, बांधावरून उड्या मारत. मळ्याला भाडं नव्हतं.

परवा परत कोचिंग आहे, पाचला. मी साडेचारला टर्फबाहेर पार्किंगमध्ये असेन, दादाही येतोय. त्या बॅचला ज्यांची पोरं आहेत त्यांनी लवकर आणा, तिथेच पळवू. आणि सुटल्यावर लगेच गाडीत कोंबू नका, गेटपर्यंत दोन फेऱ्या चालू द्या.