चादरीला आमिष म्हणण्यापूर्वी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगेचे पाणी सदलग्याकडच्या माझ्या आत्याच्या घरात शिरले तेव्हा मी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चमध्ये होतो, आणि फोनवर ती पाण्यापेक्षा चादरींविषयीच अधिक बोलत होती. बेळगावच्या आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, पाठवलेल्या चादरी आणि तांदूळ शाळेतल्या निवाऱ्यात वाटले जात असताना रांगेतल्या एकाने विचारले होते, “याच्या बदल्यात आम्हांला काय करायला लावणार?” आत्या ख्रिस्ती असूनही तिला तो प्रश्न गैर वाटला नाही, कारण प्रार्थनेला आलात तर धान्य देऊ असे सांगणारा कुणीतरी पूर्वी त्या गावात येऊन गेला होता.

पुढे डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केले तेही बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात. त्यातील आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तू होती, पैसा होता, धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षणही होते. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला, तरी संशय काही कागदाबरोबर जात नाही. हा सगळा निव्वळ द्वेष आहे, असे आमच्यातले काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. मात्र चादरीलाच आमिष ठरवता येईल इतकी सैल व्याख्या केली, की रडणाऱ्या बाईजवळ दोन मिनिटे बसावे की नाही, याचाही पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, विचार करावा लागतो. आमची मंडळी मदत वाटताना गीत किंवा प्रार्थना करत नाही, आणि ते योग्यच आहे. गीत थांबू शकते.

इथे क्राइस्टचर्चमध्ये असा संशय मला कधी भेटला नाही, पण म्हणून इथली श्रद्धा अधिक शहाणी आहे असेही दिसले नाही. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसे गेली आणि शहराच्या मध्यावरील अँग्लिकन कॅथेड्रलचा मनोरा कोसळला. ती वास्तू पाडावी की पूर्ववत उभारावी, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. २०१७ मध्ये उभारण्याचे ठरले, आणि २०२४ मध्ये पैशाअभावी काम थांबले. दरम्यान शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकाराने पुठ्ठ्याच्या जाड नळ्या वापरून तात्पुरते कॅथेड्रल रचले, ते २०१३ पासून वापरात आहे. मी तिथेच उपासनेला बसतो आणि, खरे सांगायचे तर, दगडी इमारतीची आठवण मला क्वचितच येते.

बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने संकट, धीर आणि शील यांच्यानंतर, सर्वांत शेवटी आशा ठेवली आहे. आपण मात्र पूर ओसरल्यावर पहिल्याच रविवारी तिच्यावर उपदेश करतो. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आले, तेव्हा मंडळीतली तीच माणसे फावडी घेऊन घराघरांतला गाळ काढायला गेली, आणि त्या वेळी बदल्याचा प्रश्न कुणी काढला नाही, असे आत्या सांगते.

ज्याच्या फुगवट्याला पुराचा दोष दिला जातो त्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करावी की नाही, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक अजून भांडत आहेत. आत्याने तोवर नव्या घराचे जोते तीन फूट उंच बांधून घेतले आहे. पायऱ्या वाढल्याने गुडघे दुखतात, ही तिची सध्याची तक्रार आहे.