अल्बर्ट ली आणि ‘होगन्स हीरोज’ : एक खुलासा

कंट्री-रॉक (अमेरिकी ग्रामीण धाटणीचे कंट्री संगीत आणि रॉक यांचा मिलाफ) वाजवणारे गिटारवादक अल्बर्ट ली हे मूळचे अमेरिकेतील नॅशव्हिलचे असून इंग्रज गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टन यांची साथ सोडल्यावर त्यांनी लगेच ‘होगन्स हीरोज’ हा स्वतःचा वाद्यवृंद उभारला, अशी माहिती सध्या फिरत आहे. ती दोन्ही बाबतींत चुकीची आहे.

ली यांचा जन्म 1943 साली इंग्लंडमधील हेरफर्डशायर परगण्यात झाला आणि ते लंडनमध्ये वाढले. 1970च्या दशकात ते लॉस एंजेलिसला गेले, 1976 मध्ये कंट्री गायिका एमिलू हॅरिस यांच्या ‘हॉट बँड’ या साथसंचात गिटारवादक जेम्स बर्टन यांच्या जागी आले आणि 1978 पासून काही वर्षे क्लॅप्टन यांच्याबरोबर वाजवत होते. अमेरिकी कंट्री संगीताची बोली एका इंग्रज वादकाने इतकी आत्मसात करावी, हेच खरे तर नोंद घेण्याजोगे आहे. गैरसमजामुळे नेमके तेच झाकले जाते.

‘होगन्स हीरोज’मधील ‘होगन’ म्हणजे पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत आणि पायपट्ट्यांनी सूर बदलत वाजवायची गिटार) वाजवणारे गेरी होगन. 1987 मध्ये त्यांनी इंग्लंडमधील न्यूबरी येथील स्टील गिटार महोत्सवासाठी ली यांना आमंत्रित केले आणि त्यांच्या साथीला वादक जमवले. त्यातूनच हा फिरता संच उभा राहिला. म्हणून याच्या उभारणीचे श्रेय होगन यांना द्यायला हवे.

ली यांना 2002 मध्ये मिळालेल्या ग्रॅमी पुरस्काराशीही या संचाचा संबंध नाही. तो पुरस्कार बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्यासोबतच्या सामूहिक वादनासाठी होता.