होळीच्या दिवशीच्या थाळीविषयी आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

होळीच्या दिवशी आपण पुण्याहून आलेल्या आईंना घेऊन इंदूरच्या आमच्या भोजनालयात जेवायला आलात आणि त्यानंतर एक तारा देऊन जो अभिप्राय लिहिलात, तो मी आमच्या आचाऱ्यांना शेजारी बसवून दोनदा वाचला. बसल्यानंतर पाऊण तासाने ताट आले, पोळ्या फाटलेल्या होत्या, पुरणाला करपट वास होता व ते आदल्या दिवशीचे असावे, कटाच्या आमटीच्या जागी साधी आमटी वाढली, बिल चुकले आणि विचारावे तेव्हा “पाचच मिनिटे” एवढेच उत्तर मिळाले, असे आपले म्हणणे आहे. यातील पुरण शिळे असल्याचा मुद्दा वगळता बाकी सर्व खरे आहे, आणि त्याबद्दल मी आपली व विशेषतः आईंची मनापासून क्षमा मागतो.

त्या दिवशी काय झाले ते सांगतो. नर्मदाकाठच्या जलूद गावाहून इंदूरला येणारे नर्मदेचे पाणी आमच्या भागात एक दिवसाआड येते. त्या पहाटे ते वेळेवर आले, खालचा हौदही भरला, परंतु ते गच्चीवरच्या टाकीत चढवणाऱ्या मोटरचा कंडेन्सर जळला. वस्तू लहान आहे, पण सणाच्या दिवशी पहाटे पाच वाजता ती विकत देणारे दुकान सापडत नाही, म्हणून आम्ही हौदातून बादल्या भरून स्वयंपाक सुरू केला. येथे पहिली चूक झाली. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ आम्ही उघड्या पातेल्यात, भरपूर पाण्यात शिजवतो, कारण शिजल्यावर निथळून काढलेले ते पाणी, म्हणजे कट, हाच त्या आमटीचा जीव असतो. बादल्यांचे पाणी पुरवून वापरायचे म्हणून आचाऱ्यांनी डाळ कुकरमध्ये, बेताच्या पाण्यात लावली. कट निघालाच नाही. शिवाय डाळ सारखी शिजली नाही. काही दाणे कच्चट राहिले, ते पुरणयंत्रातूनही पुरते बारीक झाले नाहीत, आणि पुरणात असा कण राहिला की लाटताना पोळी फाटते. आपल्या ताटातली आमटी आणि आपल्या ताटातली पोळी या दोन्हींचे मूळ असे त्या एका मोटरपाशी होते, आणि हे मला संध्याकाळी भांडी घासली जात असताना उमगले.

करपट वासाचेही तसेच आहे. गूळ घातल्यावर पुरण आधी सैल होते आणि नंतर उलथणे त्यात उभे राहीपर्यंत ते सतत ढवळत आटवावे लागते. ढवळणाऱ्या मुलाला मीच दोन वेळा पाणी आणायला उठवले, तेवढ्यात पातेल्याच्या बुडाशी पुरण लागले. वरचे पुरण दुसऱ्या पातेल्यात काढून घेतले, चाखूनही पाहिले, आणि मला तेव्हा ते चालण्यासारखे वाटले. ते चालण्यासारखे नव्हते. मात्र ते आदल्या दिवशीचे नव्हते, हे मी आग्रहाने सांगतो. आदल्या दिवशी पुरण करून ठेवण्यात काही गैर आहे असे नाही, अनेक घरी तसे करतात, पण आमच्याकडे त्या दिवसाची डाळ त्याच पहाटे शिजली होती आणि तिच्यापायी काय काय झाले ते वर आलेच आहे.

पुढे पोळ्या करणाऱ्या दोन बायकांपैकी एकीचे मूल तापाने आजारी पडले, त्यामुळे त्या आठऐवजी अकराला आल्या. दुपारी साडेबाराला सिलिंडर संपला आणि लावलेल्या दुसऱ्या सिलिंडरचा वॉशर गळू लागला. राजवाड्याच्या बाजूला रंग-पिचकाऱ्या घेणाऱ्यांची एवढी गर्दी होती की तिसरा सिलिंडर यायला अर्धा तास गेला. बिलात लहान मुलाच्या थाळीचे पूर्ण थाळीइतके पैसे लागले, ती चूक गल्ल्यावर बसलेल्या माझी आहे.

यातील एकही गोष्ट अशी नव्हती की भोजनालय बंद ठेवावे, आणि मी प्रत्येक वेळी “होईल” म्हणून पुढे गेलो. परंतु आपल्या अभिप्रायातील एक वाक्य मला सर्वांत अधिक लागले: आपण उपाशी बसलेले असताना समोरून पोळ्यांची पार्सले जात होती. ती संध्याकाळच्या नैवेद्यासाठी आठवडाभर आधी नोंदवलेली होती, म्हणून तव्यावरून उतरलेली पोळी मी आधी तिकडे वळवली. नोंदवलेल्या घरांना दिलेला शब्द पाळायचाच होता. पण मग दारातच आपल्याला “आज तासभर लागेल, पोळ्या कमी आहेत” असे सांगणे माझे काम होते. गर्दी परत जाईल या भीतीने मी ते सांगितले नाही. वाढणाऱ्या मुलाने “पाचच मिनिटे” म्हटले ते माझ्या सांगण्यावरून. आपण त्याला उद्धट म्हटले आहे. माझी विनंती आहे की तो दोष माझ्या नावावर घ्यावा, कारण खोटे उत्तर घेऊन चौथ्यांदा त्याच टेबलापाशी जाणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मान वर करून बोलणे कठीण जाते.

आपल्याला गाडी गाठायची होती आणि आईंना दुसरी पोळी तशीच ताटात टाकून उठावे लागले, हे मी गल्ल्यावरून पाहिले होते. तेव्हाच उठून आपल्यापाशी यायला हवे होते.

मोटरचा एक जादा कंडेन्सर आता कपाटात आहे आणि सणाच्या दिवशी पार्सलच्या पोळ्यांसाठी वेगळा तवा व वेगळ्या बाई असतील. चारही थाळ्यांचे पैसे मला परत करायचे आहेत. बिलावर भोजनालयाचा क्रमांक आहे, त्यावर कृपया कळवावे. आणि इंदूरहून पुण्याला आपल्यापैकी कोणी जाणार असेल, तर आदल्या दिवशी सांगावे: आईंसाठी दहा पोळ्या आणि कटाच्या आमटीचा डबा मी स्वतः स्टेशनवर आणून देईन.

आपला,
भोजनालयाचा मालक