लायसन्स लागत नाही, म्हणून शिकार चालते असं नाही

सुट्टीत गावी जाणाऱ्या मुंबईकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर दरवर्षी फिरतो. त्याचा सारांश असा: पॉइंट 177 ची एअरगन, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी बंदूक घ्या, लायसन्स लागत नाही. स्वस्त आहे, हलकी आहे, एका वेळी एकच छर्रा सुटतो म्हणून निर्धोक आहे. गावी होल्यापासून रानडुकरापर्यंत काहीही मारता येतं आणि इथे सोसायटीत माकडं हाकलता येतात. सोबत अमेरिकेतल्या एखाद्या शिकाऱ्याचा व्हिडिओ असतो, त्याच्या हातात हलकी सिंगल-शॉट रायफल. मी नेमबाजीच्या रेंजवर एअर रायफल चालवतो, हा खेळ मला जिवापाड आवडतो, आणि म्हणूनच हा मजकूर खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

लायसन्सची गोष्ट अर्धी खरी आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सूट मिळते ती दोन्ही अटी पाळणाऱ्या एअरगनला: नळीचा व्यास पॉइंट 177 इंच म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि नळीतून सुटताना छर्ऱ्याची ऊर्जा 20 जूलपर्यंत. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 280 मीटर वेगाने निघाला की ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. याच मजकुराच्या काही प्रतींत पुढे 'जमल्यास पॉइंट 22 (म्हणजे जास्त रुंद नळीची) घ्या, नाहीतर जादा ताकदीची स्प्रिंग बसवून घ्या' असाही सल्ला असतो. तो ऐकलात तर सूट संपली. ती एअरगन लायसन्स लागणारं शस्त्र ठरते आणि तुम्ही ती विनापरवाना बाळगत असता.

पण सूट आहे ती ते यंत्र जवळ ठेवण्यापुरती. त्यातून कशावर नेम धरायचा, हे दुसरा कायदा ठरवतो: 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा परवाना हा प्रकारच आपल्या देशात उरलेला नाही. त्यामुळे 'शिकारीसाठी परवडणारी रायफल कोणती' या प्रश्नाला मुंबईत काय किंवा मालवणात काय, उत्तरच नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्याही रुंद आहे. मारणं आलंच, शिवाय जखमी करणं, सापळा लावणं, हुसकून काढणं, पक्ष्यांची घरटी-अंडी मोडणं, आणि मारण्याचा किंवा पकडण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा. छर्रा चुकला तरी गुन्हा झालेला असतो. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे कायद्यातल्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतला असेल, किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. शस्त्र आणि गाडी दोन्ही जप्त होऊ शकतात. 'उंदीर-कावळ्यांसारख्या उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी आहे' असं सांगणारे अजून भेटतात. ती जुनी अनुसूची 2022 च्या दुरुस्तीत काढून टाकली गेली.

इथे कोकणातला शेतकरी विचारेल, मग डुकरं भात लोळवतात त्याचं काय? हा प्रश्न खरा आहे, आणि मुंबईत बसून तो उडवून लावू नये. उभ्या पिकाला धोका असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली अधिकृत वन अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो, आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडे मागता येते. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्यातच आहे. हे सगळं वेळखाऊ आहे, शेतकऱ्याची चिडचिड रास्त आहे. तरी एअरगन हा त्यावरचा उपाय नाही, कारण तिने डुक्कर मरतच नाही.

ताकदीचे आकडे पाहा. व्हिडिओतल्या त्या सिंगल-शॉट रायफलीत बहुधा पॉइंट 243 सारखं काडतूस असतं, ऊर्जा साधारण 2600 जूल. आपल्या एअरगनच्या 20 जूलच्या 130 पट. इंग्लंडच्या 1991 च्या हरणांविषयीच्या कायद्यात मोठ्या हरणासाठी किमान 2305 जूलची रायफल हवी असं लिहिलं आहे. त्याहून कमी ताकद वापरली तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात मरतं, एवढाच तिथला विचार. एकच गोळी घेऊन निघणारा तिथला शिकारी त्या एका गोळीवर विसंबतो, शिवाय परवाना आणि हंगाम पाळतो. आपल्याकडे 20 जूलचा छर्रा रानडुकराच्या कातडीत आणि चरबीत रुततो. जखम चिघळते. जनावर दिवसेंदिवस कण्हत फिरतं, आणि जखमी डुक्कर बांधावरच्या माणसावर येतं. व्हिडिओतली रायफल आणि दुकानातली एअरगन लांबून सारख्या दिसतात, पण त्यांचं काम एक नाही.

'हलकी तितकी चांगली' हेही चुकीचं आहे. हलकी बंदूक खांद्यावर वागवायला बरी, नेमाला वाईट. काडतुसाच्या रायफलीत वजन कमी झालं की धक्का वाढतो. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्टन पुढे-मागे हिसका देतो, आणि हलक्या बंदुकीत तो हिसका जास्त जाणवतो. दहा मीटर एअर रायफल स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं आणि नेमबाज त्या मर्यादेच्या आसपासच राहतात, कारण दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नवशिक्याला अडीच-तीन किलो पुरे, त्याहून हलकी शोधू नये.

आणि सिंगल-शॉट म्हणून निर्धोक? डोळा जायला एकच छर्रा लागतो. दगडावर किंवा लोखंडी ग्रिलवर आपटलेला छर्रा उलटा येतो, आणि मुंबईत समोरची खिडकी किती जवळ असते ते सगळ्यांना माहीत आहे. बोरिवली-ठाण्याच्या सोसायट्यांत माकडं येतात ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून. त्यांच्यावर छर्रा मारणं हा वर सांगितलेला गुन्हा ठरू शकतो. लेखी परवानगीशिवाय उद्यानात शस्त्र घेऊन शिरायलाही बंदी आहे.

ज्याला खरंच नेम धरायला आवडतो, त्याने आधी बंदूक विकत घेऊ नये. मान्यताप्राप्त रायफल क्लबात जावं, तिथल्या बंदुकीवर शिकावं. दहा मीटरवर सिंगल-शॉट एअर रायफलनेच अंजली भागवत 2000 मध्ये सिडनीत आणि सुमा शिरूर 2004 मध्ये अथेन्सला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत गेल्या. काही महिन्यांनी घ्यायचीच ठरली तर चार गोष्टी पाहा: घोडा (ट्रिगर) एकसारखा आणि हलक्या दाबाने सुटतो का, नेम धरायची मागची साइट बारीक फिरवता येते का, दस्ता तुमच्या खांद्याच्या मापाचा आहे का, आणि दुकानदार 20 जूलच्या आतली असल्याचं लिहून देतो का. कागदी निशाण्यासाठी चपट्या तोंडाचे छर्रे घ्या. स्प्रिंगची एअरगन छर्रा न घालता कधी झाडू नका, पिस्टन खराब होतो. घरी सराव करायचा असेल तर निशाण्यामागे छर्रा अडवणारी पेटी लावा आणि खोलीचं दार आतून बंद ठेवा.