‘बेबीसिटिंग’ कोणी म्हणावे?

रविवारी बायको चार तासांसाठी बाहेर गेली आणि दोन वर्षांचे मूल आपल्या ताब्यात आले, तर आपण सर्वप्रथम मित्रांना ‘आज बेबीसिटिंग करतोय’ असे कळवावे. मूल आपलेच आहे, ही बाब या वाक्यात कोठेही येत नाही. इंग्रजीत आधी ‘बेबीसिटर’ हे नाम रूढ झाले, म्हणजे आईबाप घरी नसताना काही तासांपुरते, बहुधा पैसे घेऊन, मूल सांभाळणारी व्यक्ती. क्रियापद मागाहून त्यातूनच घडले. तेव्हा हा शब्द उच्चारताच आपण बाप उरत नाही, परके होतो, आणि परक्या माणसाला डायपर कोणत्या कप्प्यात आहेत हे विचारण्यासाठी फोन करण्याचा पूर्ण हक्क असतो. (फोन किमान तीनदा करावा, एकदाच केल्यास आपल्याला बरेच काही येते, असा गैरसमज पसरतो.)

‘मूल सांभाळणे’ हा मराठी प्रयोग मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यात मऊ भात भरवणे, शी धुणे, रात्री तापात उशाशी जागणे असे सारेच येते आणि सुटण्याची वेळ कोणी ठरवलेली नसते. इंग्रजी शब्दात निदान बसायला तरी मिळते.

हेच काम बायको रोज करीत असेल, तर ‘ती घरीच असते’ एवढे पुरे. दुखरे गुडघे घेऊन गावाहून आलेली आई ‘नातवात रमली’ असे म्हणावे. तीच पर्यटक व्हिसावर सहा महिने कॅलिफोर्नियात आली, तर ‘अमेरिका पाहायला आली’ म्हणावे, मग तिने पाहिलेली अमेरिका स्वयंपाकघराच्या खिडकीएवढीच का असेना.

कोणी हरकत घेतल्यास कायदा दाखवावा. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी आईची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले आणि तेथे दिवसातून चार वेळा डोकावण्याची मुभाही आईलाच दिली. बापाच्या रजेविषयी त्यात अक्षर नाही. साक्षात संसदेने ज्याला गृहीत धरले नाही, त्याने उगाच पुढे पुढे का करावे?

बायको परतल्यावर ‘अजिबात त्रास दिला नाही’ असे सांगून, ती चप्पल काढीत असतानाच मूल तिच्या कडेवर द्यावे. ठरलेले चार तास झालेले असतात.