उदास गाण्याचा अर्थ सांगणे: एक सक्तमजुरी

उदास गाण्याचा अर्थ माणसं रात्री साडेअकरानंतर विचारतात. सकाळी दहाला कुणालाही तो पडलेला नसतो. रात्री मोबाइलवर आधी गाणं येतं, पाठोपाठ प्रश्न येतो, 'यात ती नेमकी कुठे गेलीय?', आणि ज्याने कधीकाळी चारचौघांत दोन कविता म्हणण्याचा अविचार केला असेल त्याची झोप उडते. 'ती गेली, तो दुःखी आहे' एवढं कळवलं तर विचारणारा दुखावतो. तेवढं त्यालाही कळलेलं असतं. त्याला हवं असतं ते हे: चूक कुणाची होती, आणि ती परत येणार का?

यातला दुसरा प्रश्न अजिबात भाबडा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातलं प्रेम, आणि करुण रस, म्हणजे शोक, यांच्यातली सीमारेषा याच प्रश्नावर आखलेली आहे. विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे भेटीची आशा शिल्लक. करुण निरपेक्ष, म्हणजे आशेचा कारभार आटोपला. रडणं, उसासे, झोप न येणं, वाळत जाणं हा बाकीचा सरंजाम दोन्हीकडे जवळजवळ तोच. तेव्हा गाण्याचा अर्थ सांगायला बसणाऱ्याने सगळ्यात आधी गेलेली व्यक्ती हयात आहे का हे तपासावं. वाट, निरोप, पत्र, उंबरठा असे शब्द दिसले तर ती बहुधा हयात आहे. राख, माती, पैलतीर दिसले तर आवाज जरा खाली आणावा. खरा घोळ दिव्यापाशी होतो. गाण्यात दिवा विझला की माणूस गेला असेल, आशा गेली असेल किंवा नुसतं तेल संपलं असेल. कवी तिन्ही अर्थ मोकळे ठेवतो आणि आपण पहाटेपर्यंत त्या दिव्यापाशी बसतो.

चूक कुणाची, यावरही जुन्या मंडळींनी काम करून ठेवलंय. त्यांनी नायिका आठ प्रकारच्या सांगितल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक कुठल्या ना कुठल्या कारणाने उदास आहेत. प्रोषितभर्तृकेचा नवरा परगावी गेलाय. विप्रलब्धेला भेटीची जागा सांगून तो आलेलाच नाही. खंडितेकडे तो आला, पण भलत्याच ठिकाणी रात्र काढून. आणि कलहांतरिता? तिने स्वतःच भांडून त्याला घालवलं आणि आता ती रडतेय. ऐकणारा मात्र प्रत्येक गाणं विप्रलब्धेचं समजून ऐकतो, कारण त्यात आपला काही दोष नसतो. माझ्या मते उदास गाण्यांतली बरीचशी कलहांतरितेची असतात. पहिल्या कडव्यात 'मीच' किंवा 'उगाच' आला की ओळखावं. हे निदान विचारणाऱ्याला कळवू नये. त्याने ते गाणं कुणासाठी तरी स्टेटसला लावलेलं असतं.

मग येतो सूर्यास्त. उदास गाण्यात सूर्य मावळल्यावाचून राहत नाही आणि त्याचा अर्थ विचारल्यावाचून माणूस राहत नाही. अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात हाच प्रश्न घेतला. 'सूर्य मावळला' एवढं साधं वाक्य, पण ऐकणारा कोण यावर अर्थ ठरतो: शत्रूवर चाल करण्याची वेळ झाली, प्रियकराकडे निघ, काम थांबवा, संध्येला बसा, गाई आत घ्या, विकायला मांडलेला माल आवरा, आता ऊन लागणार नाही. मम्मटाची यादी इथेही संपत नाही. व्यंजना, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवणं, कशी चालते ते त्याला दाखवायचं होतं. माझ्यासारख्याला त्यातून मिळतो तो दिलासा. मावळतीचा अर्थ काय, असं कुणी विचारलं की 'तुम्ही सध्या काय विकायला मांडलंय?' असा उलट प्रश्न टाकायला शास्त्राधार आहे.

पण हे सगळं शब्द कागदावर असताना. गाणं झालं की शब्दांवर चालीची सत्ता सुरू होते, आणि खरा छळ तिथून पुढे. नमुन्याला एक ओळ इथल्या इथे रचतो, म्हणजे कुणा कवीची नाहक बदनामी नको: 'थांबू नको जाऊ दूर'. स्वल्पविराम 'नको'नंतर दिला तर: थांबू नको, जाऊ दूर. चल, पळून जाऊ. तोच 'थांबू'नंतर दिला तर: थांबू, नको जाऊ दूर. इथेच राहू, बाई. अर्थ पार उलटा. कवीने स्वल्पविराम दिलेलाही असतो बिचाऱ्याने. पण स्वल्पविराम गाता येत नाही. तिथे श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास कुठे घ्यायचा हे ठरवतो ताल.

आता मात्रा मोजू. थां दोन, बू दोन, न एक, को दोन, जा दोन, ऊ दोन, दू दोन, र एक. चौदा झाल्या. सोळाचं माप भरायला दोन कमी पडतात. कवी मागे वळून बघतो, कोपऱ्यात 'रे' बसलेला असतो, दोन मात्रांचा, रिकामा. त्याला उचलून शेवटी बसवला: 'थांबू नको जाऊ दूर रे'. भरल्या सोळा. आता ही ओळ केरवा या आठ मात्रांच्या तालात बसवा. पहिल्या आवर्तनाला, म्हणजे तालाच्या पहिल्या फेऱ्याला, आठ मात्रा हव्यात आणि 'थांबू नको' सातच भरतात. आठवीवर 'जा' सुरू होतो आणि पुढच्या समेवर (फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर) सांडतो, म्हणजे शब्दाच्या मधोमध सम. कुठलाही शहाणा संगीतकार काय करेल? 'को' एका मात्रेने लांबवेल. पहिलं आवर्तन भरलं, गायिकेने पटकन श्वास घेतला, दुसऱ्या आवर्तनात 'जाऊ दूर' सात मात्रांत आणि शेवटचा 'रे' अंग चोरून एका मात्रेत. सगळं चोख. फक्त 'इथेच राहू' म्हणणारी बाई आता पळून निघालीय, आणि हा निर्णय ना कवीचा, ना तिचा. तबल्याचा आहे.

एवढ्यावर भागत नाही. कडवं संपलं की ध्रुवपदावर परत यायचं असतं आणि बहुतेकदा ओळीचा शेपटाकडचा तुकडा तेवढा घोळवला जातो: जाऊ दूर, जाऊ दूर, जाऊ दूर. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी आवाज हळूहळू कमी करत नेतात, तोही याच तुकड्यावर. ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतो तो हा तुकडा. मग तो विचारतो, 'ती शेवटी गेलीच ना?' काय सांगणार? जायची नव्हती, पण सात मात्रांत राहणं जमेना?

तो 'रे' तर याहून महाग पडतो. कवीने दोन मात्रांसाठी घेतलेला, संगीतकाराने एका मात्रेवर आणलेला हा जीव, पण रसग्रहण करणारे त्याच्यावर परिच्छेद लिहितात. 'रे' आहे म्हणजे ऐकणारा पुरुष आहे. 'गं' असता तर ऐकणारी सखी, मग विश्वासाने सांगितलेलं गुपित. संस्कृतात च, वै, तु, हि यांच्याबद्दल 'पादपूरणे' असं मोकळेपणाने नोंदवलेलं असतं: चरण भरायला घेतलेत, फार मनावर घेऊ नका. मराठी गाण्यांतल्या रे, गं, हा, त्या आणि अशी यांच्या गळ्यात तसली पाटी कुणी अडकवली नाही. माझा एक अडाणी नियम आहे: शब्द काढून ओळ गद्यासारखी वाचायची. अर्थात फरक पडला नाही तर तो शब्द पगारी आहे, नातेवाईक नाही.

यमकाचंही तसंच. ओळीच्या शेवटी 'वारा' आला की पुढे तारा, किनारा, निवारा, पहारा आणि पसारा हे दारात उभेच असतात. समुद्राचा पत्ता नसलेल्या गाण्यात एकदम किनारा उगवला तर 'किनारा म्हणजे आयुष्याची अखेर का?' असं विचारण्याआधी वरच्या ओळीत डोकावून बघावं. तिथे वारा सापडतो.

आता हरवलेल्या कडव्यांचा मामला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण मावायचं. त्यात सुरुवातीचं संगीत, मधले तुकडे, दरवेळी ध्रुवपदावर परतणं हे सगळं आलंच. पाच-सहा कडव्यांच्या कवितेतली दोन-तीन कडवी घ्यायची, बाकीची पुस्तकात. नेमकं काय घडलं हे कवीने चौथ्या कडव्यात सांगितलं असेल तर ते चौथं कडवंच गळालेलं. तबकड्या गेल्या, पण दोन-तीन अंतऱ्यांची सवय राहिली. म्हणून गाण्यात गूढ वाटलं की आधी छापील कविता शोधावी. गूढापैकी बरंचसं जागेच्या टंचाईतून आलेलं असतं. उलटंही होतं. 'ग्लूमी संडे' हे १९३३ सालचं हंगेरियन गाणं, चाल रेझो शेरेशची, उदासीत पहिल्या नंबरात यावं असं. अमेरिकन गायिका बिली हॉलिडेने १९४१ साली ते इंग्रजीत गायलं, त्यात शेवटी एक कडवं आहे की हे सगळं स्वप्न होतं. मूळ हंगेरियन गाण्यात स्वप्नबिप्न काही नाही. इतका वेळ धीराने रडणाऱ्याला 'उठा, काही झालेलं नाही' म्हणण्याचा हा प्रकार मला अर्थाच्या दृष्टीने दंडनीय वाटतो.

गझल असेल तर काम सोपं, फक्त ते कुणी मान्य करत नाही. प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असते, हे सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'त स्वच्छ लिहिलेलं आहे. पहिल्या शेरातली ती आणि चौथ्या शेरातली ती एकच असावी असं कुठेही बंधन नाही, आणि गाताना गायक काही शेर वगळतोही. तरीही लोक पाच शेरांची सलग कादंबरी लावतात. दुसऱ्यात भांडण, तिसऱ्यात दारू, चौथ्यात पश्चात्ताप. चौथ्यात कवी राजकारणाबद्दल बोलत असतो.

बोलणारा कोण, हा घोळ सर्वात जुना. बाईच्या आवाजात आलं म्हणजे बाईचं दुःख असं आपण धरून चालतो. ज्ञानेश्वरांची 'घनु वाजे घुणघुणा' ही विराणी घ्या. चांदणं नको, चांपा नको, चंदन नको, त्या कान्ह्याला लवकर भेटवा, असा विरहिणीचा आकांत. लिहिणारा तेराव्या शतकातला संत, ज्याच्यासाठी आकांत तो देव, आणि सातशे वर्षांनी कुणीतरी ती पाठवून विचारतो, 'मग दोघांचं पुढे काय झालं?' अशा वेळी बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो, या तिघांची नावं कागदावर लिहावीत. दोनच नावं सापडली तर आपण गाणं अर्धं ऐकलंय. चार सापडली तर चौथा बहुधा आपणच.

शिवाय कान. ताना घेताना ऱ्हस्व-दीर्घ टिकत नाही. 'दिन गेला' आणि 'दीन गेला' गाण्यात एकच होतात. एकात संध्याकाळ झाली, दुसऱ्यात कुणी गरीब माणूस गेला. आवाज तार सप्तकात, म्हणजे वरच्या पट्टीत, चढला की स्वरसुद्धा एकमेकांसारखे वाटू लागतात, कारण ज्या कंपनांवरून कान ई आणि ए वेगळे ओळखतो ती त्या उंचीवर पुरेशी उरत नाहीत. आणि संगीतकार दुःखाचा कळस हमखास तिथेच ठेवतो. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा शब्द सगळ्यात कमी कळतो. कुणीतरी तो ऐकेल तसा टाइप करतो, बाकीचे तिथून उतरवून घेतात, आणि साडेअकराला आपल्याकडे येतो तो 'दीन'.

यावर शहाणी माणसं सुचवतात की कवी हयात असेल तर थेट त्यालाच विचारावं. खुशाल विचारा. कवी चष्मा काढतो, पुसतो, खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, 'तुम्हाला काय वाटतं?' हे ऐकून लोक भारावतात. मी एवढंच समजतो की तो 'रे' कुठून आला ते त्यालाही आता आठवत नाही.